विश्लेषण : माणूस एकच, मग प्राचीन कवट्या वेगवेगळ्या का? पेकिंग मानवाच्या हरवलेल्या जीवाश्मांची नोंद ठेवणारे फ्रान्झ वायडेनराइख

चीनमध्ये सापडलेल्या पेकिंग मानवाच्या मूळ कवट्या डिसेंबर १९४१ मध्ये युद्धाच्या धामधुमीत नाहीशा झाल्या. त्या आजपर्यंत सापडलेल्या नाहीत. तरीही जगभरातील संशोधक या कवट्यांची लांबी-रुंदी, हाडांची जाडी, भुवयांवरील उंचवटा आणि दातांची ठेवण यांचा आधार आजही घेतात. हे शक्य झाले ते नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या एका ज्यू शरीररचनाशास्त्रज्ञामुळे. त्यांचे नाव फ्रान्झ वायडेनराइख. आशिया, आफ्रिका आणि युरोपातील आदिमानवांच्या कवट्या एकमेकांपासून वेगळ्या का दिसतात, या प्रश्नावर त्यांनी आयुष्याची शेवटची दोन दशके खर्च केली. त्यांच्या उत्तराचा काही भाग चुकला, काही भाग विज्ञानाने तब्बल सहा दशकांनी नव्याने शोधला, तर काही भागाचा त्यांच्या पश्चात गैरवापर झाला.

कोण होते वायडेनराइख?

फ्रान्झ वायडेनराइख यांचा जन्म ७ जून १८७३ रोजी जर्मनीच्या पॅलाटिनेट भागातील एडेनकोबेन या गावी ज्यू कुटुंबात झाला. त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १८९९ मध्ये स्ट्रासबर्ग येथून पदवी मिळवली. तेथे त्यांना गुस्ताव श्वाल्बे हे शरीररचनाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक लाभले. निअँडरथल आणि जावा मानव यांच्या कवट्यांचा काटेकोर अभ्यास करणाऱ्या पहिल्या पिढीतील संशोधकांमध्ये श्वाल्बे यांची गणना होते.

वायडेनराइख यांचे सुरुवातीचे काम मात्र रक्तपेशी, लसीका ग्रंथी आणि हाडांची सूक्ष्म रचना यांवर होते. १९०४ मध्ये ते स्ट्रासबर्गला प्राध्यापक झाले. शहराच्या लोकशाहीवादी राजकारणातही ते सक्रिय होते. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि स्ट्रासबर्ग फ्रान्सकडे गेले, तसे जर्मन असल्यामुळे त्यांना शहर सोडावे लागले. राजकारणामुळे नोकरी जाण्याची ही पहिली वेळ. दुसरी वेळ याहून वाईट ठरणार होती.

कवट्यांकडे कसे वळले?

पुढे हायडेलबर्ग येथे अध्यापन करताना त्यांचे लक्ष हाडांच्या आकाराकडे वळले. माणूस दोन पायांवर ताठ उभा राहू लागल्यावर पाऊल, कंबर आणि डोके यांचा आकार कसा बदलला असेल, हा त्यांचा विषय झाला. १९२५ मध्ये वायमारजवळच्या एरिंग्सडॉर्फ येथील खाणीत एका प्राचीन मानवाची कवटी तुकड्यांच्या स्वरूपात मिळाली होती. तिच्यावरील त्यांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते फ्रँकफर्ट विद्यापीठात मानवशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी युरोपात कवटी मोजण्याचे अक्षरशः वेड होते. कवटीच्या रुंदीला लांबीने भागून येणाऱ्या आकड्यावरून माणसांना लांबट डोक्याचे आणि गोल डोक्याचे अशा गटांत टाकले जाई. त्यावरून कोणता वंश श्रेष्ठ आणि कोणता कनिष्ठ हेही ठरवले जाई. वायडेनराइख यांनी १९२७ मध्ये वंश आणि शरीरयष्टी या विषयावर पुस्तक लिहून या विचाराला छेद दिला. सडपातळ आणि स्थूल अशा शरीरयष्टीचे प्रकार सर्वच मानवी गटांत आढळतात, असे त्यांनी दाखवले. डोक्याचा आकारही पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहत नाही. मेंदू मोठा होत जाणे आणि ताठ उभे राहणे यांचा त्याच्याशी संबंध आहे, असे मत त्यांनी पुढे मांडले.

याच सुमारास एक मराठी संशोधकही जर्मनीत कवट्या मोजत होत्या. इरावती कर्वे या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटचा अभ्यास करत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा संबंध वंशाशी आहे, ही फिशर यांची अपेक्षा होती. कर्वे यांच्या मोजमापांतून तसे काही निघाले नाही आणि त्यांनी तसाच निष्कर्ष लिहिला. आपल्या मार्गदर्शकाला न रुचणारे उत्तर देण्याची किंमत त्या वातावरणात काय असू शकते, हे लवकरच दिसणार होते.

नोकरी का गेली?

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांची विद्यापीठांतून हकालपट्टी सुरू झाली. वायडेनराइख यांचेही पद गेले. वयाची साठी गाठलेल्या या संशोधकाला देश सोडण्यावाचून पर्याय उरला नाही. १९३४ मध्ये ते अभ्यागत प्राध्यापक म्हणून अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात गेले. ज्या फ्रँकफर्ट विद्यापीठातून त्यांना जावे लागले, तेथे १९३५ मध्ये ओटमार फॉन फर्शुअर यांची वंशशुद्धीचा पुरस्कार करणारी संस्था उभी राहिली. आउश्वित्झ छळछावणीतील कुप्रसिद्ध डॉक्टर योझेफ मेंगेले हा काही काळ तेथेच फर्शुअर यांचा सहायक होता.

पेकिंगमध्ये काय काम होते?

बीजिंगच्या नैर्ऋत्येला सुमारे ५० किलोमीटरवर झोउकोउदिआन हे गाव आहे. तेथील चुनखडीच्या टेकडीत १९२१ पासून उत्खनन सुरू होते. आधी मिळाले ते केवळ दात. त्यांच्या आधारे कॅनडाचे शरीररचनाशास्त्रज्ञ डेव्हिडसन ब्लॅक यांनी १९२७ मध्ये सिनॅन्थ्रोपस पेकिनेन्सिस अशी नवी प्रजाती जाहीर केली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दातांवरून नवी प्रजाती जाहीर केल्यामुळे अनेकांनी शंका घेतली. मात्र २ डिसेंबर १९२९ रोजी तरुण चिनी संशोधक पेई वेनझोंग यांना कवटीचा वरचा भाग सापडला आणि ब्लॅक यांचा अंदाज खरा ठरला.

मार्च १९३४ मध्ये ब्लॅक यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या जागी १९३५ मध्ये वायडेनराइख यांची निवड झाली. पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळा, रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा, चीनच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाचे मनुष्यबळ आणि ६२ वर्षांचा एक निर्वासित प्राध्यापक, अशी ही रचना होती.

१९३६ च्या नोव्हेंबरमध्ये जिआ लानपो यांच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू असताना ११ दिवसांत तीन कवट्या मिळाल्या. दोन १५ तारखेला, तिसरी २६ तारखेला. बातमी कळताच वायडेनराइख इतके हरखून गेले, की घाईघाईत त्यांनी पँट उलटी घातली, अशी आठवण पुढे सांगितली गेली. तोवर जमा झालेले जीवाश्म सुमारे ४० व्यक्तींचे होते. आदिमानवाच्या एकाच ठिकाणच्या इतक्या व्यक्तींचे अवशेष तोपर्यंत कोणाच्याच हाती आले नव्हते.

कवटीत नेमके काय पाहिले?

एकाच आकड्यावर भिस्त ठेवायची नाही, ही वायडेनराइख यांची पद्धत होती. त्यांनी प्रत्येक कवटीचे अनेक मुद्दे तपासले. भुवयांवरचा हाडाचा कठडा किती जाड, कपाळ किती उतरते, माथ्यावर मधोमध उंचवटा आहे का, कवटी सर्वांत रुंद कुठे आहे, आतील पोकळी किती, अशी ही यादी होती.

आजच्या माणसाची कवटी वरच्या बाजूला रुंद असते. पेकिंग मानवाची कवटी मात्र खाली, कानांच्या पातळीवर सर्वांत रुंद होती. हाडे जाड होती. मेंदूची पोकळी साधारण ९१५ ते १,२२५ घन सेंटिमीटर होती. आजच्या माणसात ती सरासरी १,३५० घन सेंटिमीटरच्या आसपास असते.

जबडे, दात, हातापायांची हाडे आणि कवट्या यांवर त्यांनी १९३६ ते १९४३ या काळात स्वतंत्र ग्रंथ लिहिले. प्रत्येक हाडाची छायाचित्रे, रेखाचित्रे आणि मापे त्यांत होती. शिवाय प्रयोगशाळेतील चिनी तंत्रज्ञांकडून त्यांनी उत्तम प्रतीच्या प्लास्टर प्रतिकृती करवून घेतल्या. शिल्पकार ल्युसील स्वान यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पेकिंग मानवाच्या स्त्रीचा चेहराही घडवला. त्या वेळी हे सगळे नेहमीचे, कंटाळवाणे वाटावे असे काम होते. त्याचे मोल पुढे कळले.

जावा आणि पेकिंग यांत फरक किती?

इंडोनेशियातील जावा बेटावर जी. एच. आर. फॉन कोनिग्सवाल्ड हे संशोधक जीवाश्म जमवत होते. सांगिरान येथे १९३७ मध्ये त्यांनी स्थानिकांना प्रत्येक तुकड्यामागे पैसे देऊ केले. जास्त पैसे मिळावेत म्हणून लोकांनी सापडलेल्या कवटीचे आणखी तुकडे करून आणून दिले. ते पुन्हा जोडून कवटी उभी करावी लागली.

१९३९ मध्ये कोनिग्सवाल्ड हे जीवाश्म घेऊन पेकिंगला आले आणि दोन्ही ठिकाणच्या कवट्या प्रथमच एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या गेल्या. जावाच्या कवटीत भुवयांचा कठडा थेट चपट्या, उतरत्या कपाळात मिसळत होता. पेकिंगच्या कवटीत कठडा आणि कपाळ यांच्यामध्ये स्पष्ट खोबण होती आणि कपाळ किंचित उभे होते. तोवर या दोघांना वेगवेगळ्या नावांनी, जणू दोन वेगळे प्राणी म्हणून ओळखले जाई. दोघांनी मिळून काढलेला निष्कर्ष असा होता, की हा फरक आजच्या दोन मानवी गटांमध्ये असतो तेवढाच आहे. आज हे दोन्ही मानव होमो इरेक्टस या एकाच प्रजातीत धरले जातात. कवटीच्या आकारात प्रादेशिक फरक असला म्हणजे प्रजाती वेगळी, असे नाही, हा धडा याच तुलनेतून मिळाला.

एकाच गुहेत तीन चेहरे?

झोउकोउदिआनच्या टेकडीवरच्या गुहेत खूप नंतरच्या काळातील, म्हणजे आपल्यासारख्याच आधुनिक माणसांच्या तीन कवट्याही मिळाल्या होत्या. १९३९ मध्ये वायडेनराइख यांनी त्यांचे वर्णन केले. त्यांना एक कवटी आदिम मंगोलॉइड वळणाची, दुसरी मेलानेशियन आणि तिसरी एस्किमो लोकांसारखी वाटली.

एकाच गुहेत तीन खंडांचे लोक कसे, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. नंतरच्या संशोधकांनी याचा वेगळा अर्थ लावला. एकाच समूहातील माणसांच्या कवट्या इतक्या वेगळ्या असू शकतात, की त्यांना आजच्या गटांची लेबले लावणेच फोल ठरते. जॉर्जियातील द्मानिसी येथे सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या पाच कवट्यांबाबत २०१३ मध्ये हाच मुद्दा पुन्हा पुढे आला. वेगवेगळ्या देशांत मिळाल्या असत्या, तर त्या कदाचित वेगवेगळ्या प्रजाती ठरल्या असत्या. पण त्या मिळाल्या एकाच जागी.

जीवाश्मांच्या पेट्या गेल्या कुठे?

जुलै १९३७ मध्ये जपानने उत्तर चीनवर हल्ला केला आणि उत्खनन थांबले. उत्खननस्थळी मागे राहिलेल्या काही कामगारांना जपानी सैनिकांनी ठार मारले. जीवाश्म अमेरिकी मालकीच्या मेडिकल कॉलेजच्या तिजोरीत सुरक्षित मानले जात होते. पण अमेरिका-जपान संबंध बिघडू लागले, तशी तीही जागा असुरक्षित झाली.

एप्रिल १९४१ मध्ये वायडेनराइख न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत काम करण्यासाठी रवाना झाले. मूळ जीवाश्म सोबत नेण्याचा विषय निघाला होता. मात्र ती चीनची मालमत्ता होती आणि वाटेत जपानी तपासणीत सामान उघडले गेले असते, तर सर्वच जप्त झाले असते. त्यामुळे त्यांनी केवळ प्रतिकृती, छायाचित्रे आणि टिपणे सोबत घेतली.

त्या वर्षाच्या अखेरीस मूळ जीवाश्म दोन लाकडी पेट्यांत भरून अमेरिकी मरीन सैनिकांकडे सोपवण्यात आले. प्रेसिडेंट हॅरिसन या जहाजातून ते अमेरिकेला जाणार होते. त्याआधीच पर्ल हार्बरवर हल्ला झाला. मरीन सैनिक युद्धकैदी झाले, जहाज बंदरात पोहोचलेच नाही आणि पेट्यांचा माग कायमचा तुटला.

वायडेनराइख यांच्या नोंदी किती अचूक होत्या, याची परीक्षा १९६६ मध्ये झाली. झोउकोउदिआन येथे पुन्हा केलेल्या उत्खननात कवटीचे काही तुकडे मिळाले. ते १९३० च्या दशकात सापडून पुढे हरवलेल्या तुकड्यांच्या प्रतिकृतींशी जुळले. एकाच माणसाच्या कवटीचे निम्मे तुकडे हाडाचे आणि निम्मे प्लास्टरचे, असा तो जोड होता.

जाळीचे चित्र काय सांगत होते?

न्यूयॉर्कमध्ये वायडेनराइख यांनी आपला सिद्धान्त एका आकृतीत मांडला. तिच्यात चार उभ्या रेषा होत्या : आफ्रिका, युरेशिया, पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलिया. जावा मानवापासून सोलो नदीकाठच्या नगानडाँग येथील मानवामार्गे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपर्यंत, पेकिंग मानवापासून पूर्व आशियाई लोकांपर्यंत, अशा या परंपरा होत्या. पटाशीच्या दातांचा मागून फावड्यासारखा खोलगट आकार हा पेकिंग मानव आणि आजचे चिनी यांना जोडणारा त्यांचा आवडता पुरावा होता.

मात्र या आकृतीत उभ्या रेषांइतक्याच महत्त्वाच्या होत्या त्यांना छेदणाऱ्या आडव्या आणि तिरप्या रेषा. त्या होत्या गटागटांतील संकराच्या. म्हणजे प्रदेशानुसार काही वैशिष्ट्ये टिकली, तरी माणसे सतत एकमेकांत मिसळत राहिली आणि म्हणूनच मानवजात एकच प्रजाती राहिली. आकृती झाडासारखी नव्हती, जाळीसारखी होती.

पुढे अनेक पुस्तकांत ही आकृती आडव्या रेषा गाळून छापली गेली. उरल्या त्या चार सुट्या फांद्या. १९६२ मध्ये कार्लटन कून यांनी वायडेनराइख यांचा आधार घेत, वेगवेगळे वंश वेगवेगळ्या वेळी आधुनिक मानव झाले आणि काही मागे राहिले, अशी मांडणी केली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवू पाहणाऱ्यांनी ती उचलून धरली. वंशवादामुळे देशोधडीला लागलेल्या माणसाचे काम वंशवाद्यांच्या हाती गेले, ते असे. उत्तर द्यायला वायडेनराइख तेव्हा नव्हते.

ते कुठे चुकले, कुठे बरोबर ठरले?

चुका कमी नव्हत्या. हाँगकाँग आणि दक्षिण चीनच्या औषधी दुकानांत ड्रॅगनचे दात म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत कोनिग्सवाल्ड यांना एका महाकाय प्राण्याच्या दाढा मिळाल्या होत्या. वायडेनराइख यांनी तो महाकाय माणूस मानला आणि माणसाचे पूर्वज राक्षसी आकाराचे होते, असा तर्क केला. तो जायगँटोपिथेकस नावाचा वानर होता, हे पुढे सिद्ध झाले. पेकिंग मानव नरभक्षक होता, हेही त्यांचे मत टिकले नाही. फुटलेल्या कवट्यांमागे तरसांचे दात असावेत, असे आता मानले जाते.

दातांचा पुरावाही डळमळला. पूर्व आशियाई लोकांतील फावड्यासारख्या दातांशी ईडीएआर या जनुकातील एका बदलाचा संबंध आहे आणि तो बदल काही दशसहस्र वर्षांइतकाच जुना आहे. पेकिंग मानव त्याहून लाखो वर्षे आधीचा. म्हणजे सारखेपणा होता, पण तो वारशाने आलेला नव्हता. १९८७ च्या मायटोकॉन्ड्रियल डीएनए अभ्यासाने तर आजच्या सर्व माणसांचे मूळ आफ्रिकेत आणि तुलनेने अलीकडच्या काळात दाखवले. कवट्यांच्या मोजमापांतही आफ्रिकेपासून जितके दूर जावे, तितकी विविधता कमी होताना दिसते. लहान लहान टोळ्या पुढे सरकत गेल्याची ती खूण आहे.

पण पिल्टडाउन मानवाबाबत ते बरोबर होते. इंग्लंडमधील ही कवटी माणसाची आणि जबडा वानराचा आहे, हे ते सांगत आले. ती लबाडी १९५३ मध्ये उघड झाली. आणि सर्वांत महत्त्वाची ठरली ती आडव्या रेषांची कल्पना. २०१० मध्ये निअँडरथलचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या लोकांत त्याचा सुमारे दोन टक्के अंश असल्याचे दिसले. पापुआ न्यू गिनीच्या लोकांत डेनिसोव्हन मानवाचाही अंश मिळाला. मुख्य प्रवाह आफ्रिकेतून आला हे खरे, पण वाटेत संकर होत गेला हेही खरे.

आज महत्त्व काय?

वायडेनराइख यांचे ११ जुलै १९४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. युद्धानंतर कोनिग्सवाल्ड यांनी नगानडाँगच्या मूळ कवट्या त्यांच्याकडे आणल्या होत्या. त्यांवरील ग्रंथ अपुरा राहिला आणि १९५१ मध्ये तसाच प्रसिद्ध झाला.

१९८२ मध्ये मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला. ती नेमकी कोणत्या प्रजातीची, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तुलनेसाठी ज्या कवट्या पाहाव्या लागतात, त्यांत झोउकोउदिआनच्या कवट्या असतात, अर्थात प्रतिकृतींच्या रूपात. २०२५ मध्ये चीनमधील हार्बिनच्या कवटीच्या दातांवर साठलेल्या किटणातून डीएनए मिळाला आणि ती डेनिसोव्हन गटातील असल्याचे समोर आले. निव्वळ आकारावरून जे ठरत नव्हते, ते रेणूंनी ठरवले.

पेकिंग मानवाच्या मूळ हाडांतून असा डीएनए किंवा प्रथिने मिळाली असती का, हे तपासण्याची संधी त्या दोन पेट्यांबरोबर गेली. आकाराबद्दल जे काही जाणून घेता येते, ते वायडेनराइख यांनी मोजून, रेखाटून ठेवले म्हणून.